रिकाम्या बाकाकडे आधी बघ

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. सेमिनरीचा, म्हणजे पाळक होण्याच्या शिक्षणाचा, अर्ज भरायच्या आधी तू विचारतेस, आज आपल्या चर्चचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, मिशन नेमकं काय? ‘एकता, साक्ष आणि सेवा’ हे आपलं ब्रीद तुला पाठ आहे, पण रविवारी उपासनेला बसल्यावर ते कुठे दिसत नाही, असं तू लिहिलंस. प्रश्न खरा आहे. उत्तर देताना मला आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

नवा पाळक होतो तेव्हा माझ्याकडे नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीकडच्या चार-पाच वाड्या होत्या. पहिल्या नाताळला पताका लावल्या, संदेश तीनदा लिहून काढला. उपासनेला आली सात म्हातारी माणसं. बाकी सगळी वस्ती दसऱ्यानंतरच ऊसतोडीला गेलेली. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता घेऊन नवरा-बायको दोघांना जावंच लागतं, ते परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. मला वाईट वाटलं त्यापेक्षा रागच जास्त आला. नाताळलासुद्धा येऊ नये? तसं मी बोलूनही दाखवलं. तेव्हा पुढच्या बाकावरची एक आजी म्हणाली, “पाळकसाहेब, त्ये येत न्हाईत तर तुमी जावा की.”

पुढच्या वर्षी गेलो. कारखान्याच्या मागे मोकळ्या रानात पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, ओळीनं. माणसं रात्री नऊला फडातून आली आणि पहाटे तीनला परत गाडी भरायला जाणार होती. उपासना सुरू केली तेव्हा अर्धी माणसं बसल्या जागी पेंगत होती. संदेश घडी करून खिशात ठेवला, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एक भजन म्हटलं, प्रार्थना केली. एका कोपीत आठेक वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन भाकरी थापत होती. एका हातानं. मी नाव विचारलं. ते नाव माझ्या संडे स्कूलच्या वहीत होतं, आणि त्याच्यापुढे मी स्वतः सगळा हिवाळा ‘गैरहजर’ असं लाल शाईनं लिहीत आलो होतो.

त्या रात्रीनंतर माझ्या वहीत एक रकाना वाढला. गैरहजर असेल तर का, आणि सध्या कुठे. तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं उत्तर त्या रकान्यात आहे. बाकावर बसलेल्यांची काळजी घ्यायला तुला कोणीही शिकवील. तू आधी रिकाम्या बाकाकडे बघ.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. आपल्या भागातलं मिशनचं जुनं काम बघ. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये नगरला ठाणं घातलं. पुढे मिस सिंथिया फरार तिथे आल्या आणि 1862 मध्ये मरेपर्यंत तिथेच मुलींच्या शाळेत राबल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे त्यांच्याकडे गिरवले. शाळेच्या पटावर मुली नव्हत्या, हे त्या बाईंच्या डोळ्यांत खुपलं. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये दवाखाना उघडला, तोही ज्यांना डॉक्टर दिसतच नव्हता त्यांच्यासाठी. ना. वा. टिळकांना दिसलं की ख्रिस्तावर प्रेम करणारी कितीतरी माणसं बाप्तिस्मा न घेता बाहेर उभी आहेत. म्हणून त्यांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा मांडला, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आणि न झालेल्यांसाठीही. मंडळीतल्या अनेकांना ते रुचलं नाही. मला मात्र टिळकांचं ते धाडस त्यांच्या भजनांइतकंच मोठं वाटतं.

आता एकतेचं. तुझी पिढी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे नाव सहज घेते, पण त्याच्यामागे 1929 पासूनची बोलणी आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा परंपरा एक झाल्या. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनलांची आधीच एकत्र आलेली मंडळी, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स. कोणी तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देणारे, कोणी जाणत्या वयात विश्वास कबूल केल्याशिवाय न देणारे. चारशे वर्षं ज्यावरून माणसं एकमेकांपासून तुटली, त्या गोष्टीवर आपल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की दोन्ही चालतील, आणि कोणाला कमी लेखायचं नाही. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. म्हणजे त्या दिवशीही एक बाक रिकामा होता. तुझ्या गावात मेथडिस्ट, मुक्तिफौज, कॅथलिक, पेंटेकॉस्टल असतील. त्यांच्या घरी मयत झाली तर जा. बोलावणं येण्याची वाट बघू नकोस. एकता मला अशा उंबऱ्यांवर जास्त भेटली, सभांमध्ये कमी.

मिळकतीचे दावे, कमिट्यांच्या निवडणुका, कंपाउंडच्या भिंती, यांत आपल्या मंडळ्यांची किती वर्षं गेली हे तू पाहतेसच. मीही कोर्टाच्या पायऱ्यांवर काही दुपारी घालवल्या. त्या दुपारी घरभेटीला गेलो असतो तर बरं झालं असतं. अधिक लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र नीट वाच. तुझ्या वयाची काही मुलं उपासनेला उघड येत नाहीत, आणि वहीत कारण लिहितानाही हात अडतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत धर्माला जोडली. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं शिवणं सुरू केलं, असं कुठे झालं? विहीर तीच, वस्ती तीच. अशा घरातल्या मुलाला जातीचा दाखला जाण्याची भीती असते. तो मागच्या दारानं येतो, भजन मनातल्या मनात म्हणतो. त्याला विश्वासात कच्चा म्हणू नकोस. त्याच्यासाठी बोलणं, अर्ज करणं, मोर्चात उभं राहणं हीसुद्धा मंडळीची सेवा आहे, आणि ती प्रभुभोजनाच्या मेजाइतकीच पवित्र आहे असं मी मानतो. काही बंधूंना हे राजकारण वाटतं. मला ते वाटत नाही.

तू मुलगी आहेस, आणि आपल्या चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. तरी “बाईच्या हातून प्रभुभोजन?” असं विचारणारे तुला भेटतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. त्यांच्या घरी आजारपण आलं की पहिली तू पोच. माझ्या लहानपणी घरोघरी बायबल सांगणाऱ्या बायबलबाई छत्री आणि पिशवी घेऊन वाडीवाडी चालत जायच्या. त्यांना ना दीक्षा होती, ना धड पगार, पण कुठल्या घरात पीठ संपलंय हे पाळकाच्या आधी त्यांना कळायचं. त्यांचं ऋण फेडायची वेळ आता तुमच्यावर आली आहे.

अर्ज जरूर भर. पण त्याआधी डिसेंबरात चार दिवस माझ्याकडे ये. गुडघे कुरकुरतात, तरी अजून मी कोप्यांवर जातो. 24 तारखेला संध्याकाळी पाचची एसटी आहे, नंतरची बेभरवशाची. सोबत बॅटरी आण, कोप्यांवर उजेड नसतो. पोरांसाठी वह्या आणि पेन्सिली आण, केक नको, तो माझी बायको करते. आणि एक कोरी वही वेगळी ठेव. त्यात रकाने आपण दोघं मिळून आखू.

तुझा,
पाळककाका