जीझिप चालू असताना फाइलींच्या कॉम्प्रेस केलेल्या प्रती वेगळ्या ठेवाव्यात का?

तुम्ही विचारलंय, एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर जीझिप, म्हणजे फाइली दाबून लहान करून पाठवायची सोय, चालू आहेच, मग प्रत्येक सीएसएस-जेएस फाइलीशेजारी तिची .जीझेड प्रत ठेवून काय मिळणार? फाइली रोज बदलत नसतील तर जरूर ठेवा. फक्त एक काळजी घ्यावी लागते आणि ती मला महागात पडली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नुसतं जीझिप ऑन केलं की सर्व्हर तीच फाइल दर मागणीला नव्याने कॉम्प्रेस करतो. प्रोसेसरला झेपावं म्हणून दाबण्याची पातळी (१ ते ९) मुळात १ असते, म्हणजे सगळ्यात घाईची. प्रत आधी बनवली की ९ वापरा, वेळ एकदाच जातो. शिवाय फाइलीचा आकार आधीच ठाऊक असल्यामुळे उत्तरासोबत तो आकार सांगणारा कंटेंट-लेंग्थ हेडर जातो.

मराठी मजकुराला याचा फायदा विशेष होतो. मी गिरगावातल्या एका वाचनालयाच्या पुस्तकसूचीची साइट सांभाळतो. यूटीएफ-८ मध्ये (वेबवर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘मराठी’ शब्द घ्या: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. चिन्हं ५, बाइट १५. पण प्रत्येकाचा पहिला बाइट तोच, हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) ई०. दुसरा पहिल्या चौघांचा ए४, फक्त वेलांटीचा ए५. इतकं तेच ते पुन्हा येत असेल तर जीझिपला दाबायला भरपूर वाव मिळतो. आमचे बरेच सभासद घरी जाताना लोकलमध्ये पुस्तक शोधतात. चालत्या गाडीत नेटवर्क जायच्या आत सूची उतरली तर उतरली.

आता ती काळजी. .जीझेड प्रत मूळ फाइलीपेक्षा जुनी आहे का, हे एनजिनएक्स बघत नाही. प्रत दिसली की देऊन मोकळा. आम्ही वाचनालयाची वेळ बदलली, पान अपलोड केलं, मी कर्लने (कमांड लाइनवरून पान मागवायच्या साधनाने) तपासलं, नवी वेळ दिसली. तरी एक आजोबा जुन्या वेळेला येऊन बंद दारासमोर उभे राहिले. फोनवर त्यांना जुनंच पान दिसत होतं. कर्ल सांगितल्याशिवाय ॲक्सेप्ट-एन्कोडिंग, म्हणजे ‘दाबलेली प्रत चालेल’ असं सांगणारा हेडर, पाठवत नाही, त्यामुळे मला मूळ फाइल मिळत होती. ब्राउझर पाठवतो, त्याला जुनी प्रत. मूळ चूक माझ्या स्क्रिप्टमध्ये होती. प्रती बनवणाऱ्या जीझिप कमांडला मी मूळ फाइल राखणारा ‘-के’ दिला होता, पण असलेली प्रत बदलायला लावणारा ‘-एफ’ नव्हता. प्रत आधीपासून असेल तर स्क्रिप्टमधून चालताना जीझिप ती बदलत नाही, नुसता इशारा छापून पुढे जातो. तो इशारा लॉगमध्ये पडून होता. आजोबांना बसलेला हेलपाटा मला अजून खटकतो.

तेव्हा ‘जीझिप -९ -के -एफ’ असंच लिहा. त्याहून चांगलं म्हणजे दर वेळी सगळ्या फाइली आणि प्रती नव्या फोल्डरमध्ये बनवा आणि शेवटी सिमलिंक (सर्व्हरला फोल्डर दाखवणारा दुवा) त्याच्याकडे वळवा. जुनं-नवं मिसळायचा प्रश्नच उरत नाही. मूळ फाइल मात्र काढू नका, जीझिप न मागणाऱ्याला तीच जाते.

सर्व्हरवर ‘जीझिप_स्टॅटिक ऑन’ आणि ‘जीझिप_व्हॅरी ऑन’ एवढं पुरतं. दुसरं नसेल तर सर्व्हर आणि वाचक यांच्या मधला कॅशे (पानं साठवून ठेवणारा) चुकीची प्रत भलत्याला देऊ शकतो. स्टॅटिकचं मॉड्यूल सोर्सवरून बांधताना आपोआप येत नाही, तेव्हा ‘एनजिनएक्स -व्ही’ (कॅपिटल व्ही) चालवून ते यादीत आहे का, आधी बघून घ्या. ब्रॉटली ही दाबायची दुसरी पद्धत आणखी लहान फाइल देते, पण त्याचं मॉड्यूल वेगळं बसवावं लागतं आणि ब्राउझर ते एचटीटीपीएसवरच मागतात. जेपेग आणि डब्ल्यूओएफएफ२ फाँट आधीच दाबलेले असतात, त्यांना हात लावू नका.

तपासताना कर्लला ‘--कॉम्प्रेस्ड’ देऊन एकदा आणि न देता एकदा, असं दोनदा पान मागवा आणि दोन्हींची डिफ काढा, म्हणजे फरक तपासा. काहीच फरक निघाला नाही तरच लोकांना कळवा.