आजार सरत नाही, पैसे मात्र सरतात: कामावर परत जावे का?

डायलिसिस विभागाला लागून असलेल्या माझ्या खोलीत गेल्या काही वर्षांत जो प्रश्न मी सर्वाधिक वेळा ऐकला, तो आजाराविषयीचा नसून कामाविषयीचा आहे. "मॅडम, कामावर जाऊ का?" एवढाच तो प्रश्न असतो, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा त्याचे उत्तर आधीच ठरवलेले असते, कारण घरातला डबा रिकामा होत चालला आहे आणि आजार मात्र जन्मभराचा आहे, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, संधिवात, पक्षाघातानंतरची अशक्तता, कोणताही दीर्घकालीन आजार घ्या, आपल्या मराठवाड्यात कमावता माणूस सहा महिने घरी बसला की हा प्रश्न त्या घरात येतोच. त्याचे उत्तर देताना मी ज्यांची गोष्ट सांगते, त्या गृहस्थांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ती येथे लिहीत आहे. मी त्यांना दादा म्हणत असे, येथेही तसेच म्हणते.

दादा मूळचे जालना जिल्ह्यातले. गावी तीन एकर कोरडवाहू जमीन, त्यात कापूस आणि तूर. पावसाने दगा दिला की हाती काही लागत नाही, म्हणून ते छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत आले आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांवर, अकरा वर्षे टिकले. रांजणगावात दोन खोल्या भाड्याने, पत्नी, दोन लेकरे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी चार तास, डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणे, सुरू झाले.

माझ्याकडे त्यांना विभागातल्या सिस्टरने पाठवले, कारण त्यांनी एकाच महिन्यात डायलिसिसच्या दोन फेऱ्या चुकवल्या होत्या. एप्रिलचा शेवट होता, खोलीतला पंखा गरम हवा फेकत होता, आणि दादा पूर्ण बाहीचा शर्ट मनगटापर्यंत बटण लावून बसले होते. मी डावी बाही वर करायला सांगितली तेव्हा त्यांनी आधी पत्नीकडे पाहिले. कोपराच्या वर हातभर पसरलेला काळानिळा डाग होता. डायलिसिससाठी ज्या हाताची शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडलेली असते, त्या फिस्टुलाच्या हाताने वजन उचलायचे नसते, त्यावर घट्ट काही बांधायचे नसते, त्या हातावर रक्तदाबसुद्धा मोजत नाहीत. दादा तीन आठवड्यांपासून रात्री एका गोदामात टेम्पोत माल भरायला जात होते. रोजचे सहाशे रुपये मिळत. वहिनींना त्यांनी सांगितले होते की जुन्या मित्राकडे झोपायला जातो, तिथे कूलर आहे.

त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली आणि ती नोंदवणे मला आवश्यक वाटते. मी त्यांना धोका समजावून सांगू लागले. दोन फेऱ्यांमध्ये शरीरात पाणी साठते, रक्तातले पोटॅशियम वाढते, आणि ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस अचानक दगावू शकतो, हे सर्व खरे होते. दादांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, हे डॉक्टरसाहेबांनी बी सांगितलंय. पण बसून खाल्लं की डोंगर बी सरतो, आन् माझ्याकडं तर डोंगर बी नाही." पुढच्या आठवड्यात ते माझ्या खोलीत आले नाहीत. ज्या माणसाला पैशांची भीती वाटते त्याला मरणाची भीती दाखवून काही साधत नाही. एका भीतीवर दुसरी रचली जाते आणि तो दोन्ही घेऊन गप्प बसतो.

म्हणून दुसऱ्या वेळी मीच त्यांच्या खाटेशी गेले, डायलिसिस चालू असताना. चार तास माणूस एका जागी असतो, आणि हात यंत्राला जोडलेला असल्यामुळे उठून जाऊही शकत नाही, हे मला त्या दिवशी उपयोगी पडले. मी फक्त एवढेच विचारले की महिन्याला नेमके किती कमी पडतात. ते म्हणाले, "तीस हजार तरी पाहिजेत." मी म्हटले, मांडू या. वहिनींनी लेकराच्या वहीची मागची पाने काढली. घरभाडे 4,500, किराणा आणि गॅस 6,500, शाळा आणि रिक्षा 2,800, बचत गटाचा हप्ता 2,200, मोटारसायकलचा हप्ता 2,900, औषधे आणि येणे-जाणे 2,600, गावी आईला 1,500, वीज आणि मोबाईल 1,000. बेरीज 24,000 झाली. वहिनी कारखान्यातल्या एकट्या राहणाऱ्या मुलांना डबे देत, त्यातून खर्च जाऊन 6,000 हाती राहत. मग तीस हजार कोठून आले, असे मी विचारल्यावर दादांनी डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळाने वहिनीच बोलल्या, "माझ्या भावाचे साठ हजार हायेत."

आजार कळला त्या पहिल्या घाबरलेल्या आठवड्यात दादांना एका खासगी रुग्णालयात दाखल केले होते आणि ते बिल मेहुण्याने भरले होते. मेहुण्याने ते पैसे एकदाही मागितले नव्हते. दादांनी मात्र मनाशी ठरवले होते की वर्षभरात दरमहा पाच हजार करून ते फेडायचे. फेडता येत नव्हते म्हणून सासरवाडीचे एक लग्न आणि एक बारसे त्यांनी टाळले होते, आणि वहिनींनाही माहेरी जाऊ दिले नव्हते. "तोंड दाखवायला जागा नाही," असे ते म्हणाले. टेम्पोत पोती भरण्यामागे घरभाडे किंवा किराणा यांपेक्षा हे साठ हजार अधिक होते, आणि ते तोवर कोणत्याही कागदावर लिहिलेच गेले नव्हते.

माझ्या अनुभवात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आजारी माणूस घाईने कामावर परततो तेव्हा बहुधा एखादी ठरावीक रक्कम, एखादा ठरावीक माणूस त्याच्या मनात असतो, आणि तो "घरखर्च" या मोघम शब्दामागे लपलेला असतो. म्हणून कामावर जावे की नाही याची चर्चा करण्याआधी मी वही उघडायला लावते, आणि ती पती-पत्नींनी मिळून उघडावी असा आग्रह धरते.

वहीनंतर कागदपत्रे पाहिली. दादांच्या पगारपत्रकावर 19,500 रुपये वेतन आणि दरमहा 147 रुपयांची ईएसआयची, म्हणजे राज्य कामगार विम्याची, कपात होती. राज्य कामगार विमा योजनेत 21,000 रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या कामगाराकडून वेतनाच्या 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के वर्गणी घेतली जाते. ही वर्गणी अकरा वर्षे जात होती, पण दादांच्या लेखी ईएसआय म्हणजे फुकट गोळ्या मिळण्याचा दवाखाना. आजारपणाच्या सुट्टीचे 70 टक्के वेतन वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते, ते त्यांना मिळालेही होते. ते दिवस संपल्यावर कारखान्याच्या कार्यालयातल्या एकाने "आता काही मिळत नाही" असे सांगितले आणि विषय तेथेच थांबला. प्रत्यक्षात या योजनेत 34 दीर्घकालीन आजारांची एक यादी आहे, जीर्ण मूत्रपिंडविकार त्या यादीत आहे, आणि दोन वर्षे सलग विमाधारक असलेल्या व वर्गणीचे किमान 156 दिवस भरलेल्या कामगाराला अशा आजारात 80 टक्के दराने, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत, वाढीव आजारपण लाभ मिळू शकतो. दादांच्या वेतनाला दिवसाला 520 रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे 15,600 होत होते. वहीतली तूट 24,000 वजा 6,000 वजा 15,600, म्हणजे 2,400 रुपयांवर आली. वहिनींनी ती वजाबाकी दोनदा करून पाहिली.

एक गोष्ट मात्र मी त्यांना तेथेच स्पष्ट सांगितली. ज्या दिवसांचा लाभ घ्यायचा त्या दिवशी कोठेही मजुरी करता येत नाही. गोदामातले रात्रीचे काम आणि हा लाभ एकत्र चालणार नव्हते.

त्यानंतर दादांनी शर्टाच्या वरच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. तो राजीनामा होता, तारीख तेवढी टाकायची राहिली होती. "राजीनामा दिला की फंडाचे सगळे पैसे निघतेत, मेहुण्याचे फिटून जातील," असा त्यांचा हिशेब होता. कारखान्यांच्या परिसरात हा सल्ला एकमेकांना सर्रास दिला जातो आणि मला त्याची फार धास्ती वाटते, कारण आजारी माणसाने नोकरी सोडली की आज हाती थोडी रक्कम येते, पण विम्याचे छत्र काही काळाने निघून जाते आणि पुन्हा त्या वयात, त्या प्रकृतीत, कोणी कामावर घेत नाही. भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी नोकरी न सोडताही अग्रिम काढता येतो. दादांनी तो काढला. मेहुण्याला चाळीस हजार द्यायला ते स्वतः गेले, वहिनींना बरोबर घेऊन गेले. तेथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. परत आल्यावर वहिनींच्या पिशवीत माहेरचे तिखट होते.

लाभाचे कागद पूर्ण व्हायला जूनचा मध्य उजाडला. विमा दवाखान्याचे प्रमाणपत्र, मूत्रपिंडतज्ज्ञांचा अहवाल, पुन्हा तपासणी, अशा पाच-सहा खेपा झाल्या. त्या काळात बचत गटाच्या दोन हप्त्यांना मुदत मागून घ्यावी लागली आणि ती गटातल्या बायकांनी दिली. आईला मात्र दादांनी आजार खरा काय आहे हे सांगितले नव्हते. ते सांगावे की नाही यावर आमचे दोन वेळा बोलणे झाले, आणि शेवटी त्यांनी पोळ्याला गावी गेल्यावर सांगितले. आईने पुढच्या महिन्यापासून दीड हजार घेणे बंद केले.

आठ महिने दादा घरी राहिले. ते सोपे गेले असे मी म्हणणार नाही. सकाळी पहिल्या पाळीची बस गल्लीच्या तोंडाशी थांबायची तेव्हा ते आत जाऊन बसत, असे वहिनी सांगत. काम म्हणजे केवळ पगार नसतो. गड्याला घरात दिवसभर पाहण्याची आपल्याकडे सवय नाही, शेजारपाजारचे विचारत राहतात. पण त्या काळात एकही फेरी चुकली नाही, दोन फेऱ्यांमधले वजन आटोक्यात आले, रक्तवाढीची इंजेक्शने वेळेवर झाली, आणि डॉक्टरांनी बैठ्या कामाला हरकत नाही असे लिहून दिले. डायलिसिसवर असलेली अनेक माणसे काम करतात, हे मी आवर्जून सांगते. प्रश्न कोणते काम, किती तास आणि फेऱ्यांच्या दिवशी काय, हा असतो.

कारखान्याला अर्ज आम्ही तिघांनी मिळून लिहिला. त्यात विनवणी नव्हती. प्रेस शॉपऐवजी स्टोअरमध्ये किंवा तपासणीच्या टेबलावर काम द्यावे, फक्त पहिली पाळी द्यावी, डाव्या हाताने वजन उचलायला लावू नये, असे तीन मुद्दे होते आणि सोबत डॉक्टरांचे पत्र होते. दोन महिने उत्तर आले नाही. दादा दोनदा जाऊन भेटले. अखेर स्टोअरमध्ये जागा मिळाली. डायलिसिसची एक फेरी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आणि दुसरी पहिली पाळी सुटल्यानंतर संध्याकाळी, अशी आमच्या विभागाने बसवून दिली. जादा कामाचे पैसे आता मिळत नाहीत, तेवढी ओढाताण राहिलीच.

हे सर्व दादांच्या बाबतीत जमले, कारण त्यांच्या पगारपत्रकावर ती 147 रुपयांची ओळ होती. माझ्याकडे बीड जिल्ह्यातून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या पगारपत्रकाचा प्रश्नच येत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकाच्या आजाराने दोघांची मजुरी बुडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात डायलिसिसही बसते, आणि 2016 पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतही ती सोय झाली आहे. उपचार मिळतात, पण बुडालेल्या मजुरीची भरपाई कोणी करत नाही, आणि उचल तशीच अंगावर राहते. तेथे मी मुकादमाशी बोलायला घरातल्या कोणत्या जाणत्या माणसाने जावे, जोडीदार बदलून एकाला जाता येईल का, इतक्या लहान गोष्टींपासून सुरुवात करते, आणि पुष्कळदा त्याही अपुऱ्या पडतात. याचे मला वाईट वाटते, आणि ते मी त्या कुटुंबांपासून लपवत नाही.

दादा गेल्या महिन्यात पाळी सुटल्यावर थेट आले, पाठीवर डब्याची पिशवी तशीच. दिवाळीच्या आधी कारखान्यात मालाची घाई असते. सुपरवायझरने त्यांना आठवडाभर पुन्हा प्रेसवर उभे राहायला सांगितले होते, एक माणूस कमी आहे म्हणून. मी विचारले, तुम्ही काय म्हणालात. त्यांनी अर्ध्या बाहीच्या शर्टातला डावा हात माझ्यासमोर धरला. "त्याला म्हणलं, इथं बोटं ठेवून बघा साहेब." फिस्टुलावर बोटे ठेवली की आतून रक्त धावताना मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. सुपरवायझरने बोटे ठेवली, लगेच काढून घेतली, थोडा वेळ काही बोलला नाही, आणि मग प्रेसवर उभे राहायला दुसऱ्या माणसाला हाक मारली.