आधारवरची १ जानेवारी आणि बाबांची निवृत्ती

प्रश्न: माझे बाबा १९९४ पासून एका खासगी कारखान्यात फिटर आहेत. आधारवर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी १९६८ आहे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १४ जून १९७०. निवृत्तीचं वय ५८. कंपनीनं आधारची तारीख धरून डिसेंबरअखेर निवृत्तीचं पत्र दिलंय. अडीच वर्षांची नोकरी जाणार का?

उत्तर: ताई, आधी बाबांना सांगा, निवृत्तीच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. ‘हिशेब मिळाला, तक्रार नाही’ अशी एखादी ओळ त्यात असते आणि पुढे तीच आडवी येते.

ही १ जानेवारी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी कार्डांवर दिसते. पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिली गेली. मग गावोगावी शिबिरं लागली. रांगेतल्या माणसाकडे जन्माचा कागद नसेल तर तो सांगेल ते वय लिहून घ्यायची सोय होती, आणि त्यावरून काढलेल्या वर्षाला बऱ्याचदा १ जानेवारी ही तारीख चिकटे. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं नीट तपासली जात. जन्मतारीख बऱ्याचदा तोंडी असे. बाबांचंही तसंच झालं असावं. यात त्यांची लबाडी नाही, हे त्यांनाही सांगा. अशा वेळी माणसं उगीच अपराधी होतात.

२०१६ च्या आधार कायद्यात हा क्रमांक ओळखीचा पुरावा आहे. कलम ९ प्रमाणे तो नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. जन्मतारखेबद्दल तर आधार प्राधिकरणानंच २२ डिसेंबर २०२३ च्या परिपत्रकात (क्रमांक ८) आधार हा तिचा पुरावा नव्हे असं म्हटलंय. पाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेनं जन्मतारखेच्या कागदांच्या यादीतून आधार काढून टाकलं. शाळेचा दाखला तिथे चालतो.

सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑक्टोबर २०२४ चा ‘सरोज विरुद्ध इफ्को-टोकियो’ हा निकाल तर तुमच्यासारखाच आहे. अपघातात गेलेल्या माणसाच्या आधारवर १ जानेवारी १९६९, दाखल्यावर ७ ऑक्टोबर १९७०. उच्च न्यायालयानं आधार धरून वय ४७ मानलं आणि भरपाई घटवली. सर्वोच्च न्यायालयानं दाखला ग्राह्य धरून वय ४५ ठरवलं.

पण नुसता हा निकाल पुढे करून भागणार नाही. खरी मेख आहे १९९४ मध्ये. नोकरीला लागताना बाबांनी कोणती तारीख दिली? सेवापुस्तिका, पीएफचा नामनिर्देशन अर्ज, जुना विमा अर्ज, जे मिळेल त्याच्या प्रती काढा. तिथे १९७० असेल तर बाबा काहीच बदलून मागत नाहीत. कंपनीनंच त्यांना न विचारता नोंद बदलली आणि तसं करता येत नाही. तिथे १९६८ असेल तर मात्र लढाई कठीण. नोकरीच्या शेवटी-शेवटी जन्मतारीख दुरुस्त करून मागणाऱ्याला न्यायालयं सहसा दाद देत नाहीत. तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.

कागद बाजूनं असतील तर कंपनीला लेखी हरकत द्या, दाखल्याची प्रत जोडा आणि आवक शिक्क्याची पोच घ्याच. आठवड्यात उत्तर नाही आलं तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा. पत्राची मुदत उलटायच्या आत जा, नंतर पुन्हा कामावर घ्या म्हणणं जास्त जड जातं.

आधारमधली तारीखही दुरुस्त करून घ्या, पण घाईनं नको. जन्मतारीख एकदाच बदलता येते. दुसऱ्यांदा चुकली तर प्रादेशिक कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. केंद्रावर कोणता कागद चालतो ते आधी विचारा.

आणि शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा (मुलांच्या प्रवेशाच्या मूळ नोंदवहीचा) उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घ्या. दाखला जुना, अक्षर पुसट असेल तर कंपनी त्यावर शंका काढेल, मूळ रजिस्टरवर शंका काढणं अवघड. दिवाळीची सुट्टी लागली की शाळेचं कार्यालय बंद, तेव्हा या आठवड्यातच जा.