'सुपरग्रुप'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: निरनिराळ्या प्रसिद्ध रॉक बँडमधल्या मंडळींनी मिळून काढलेल्या अल्बमला, उदाहरणार्थ 'टेम्पल ऑफ द डॉग'ला, मराठीत 'जुगलबंदी' म्हणावं का? आणि तो काढणाऱ्या 'सुपरग्रुप'ला 'महासमूह' चालेल का?

माझ्या मते दोन्ही नकोत. जुगलबंदीत 'जुगल' म्हणजे जोडी आहे. तिथे दोघे समोरासमोर बसतात, सवाल-जवाब होतो, थोडी खुमखुमीही असते. इथे पाच-सहा जण मिळून एक गाणं बांधतात. 'महासमूह' वाचलं की पंढरीची वारीच डोळ्यांपुढे येते! 'महा' लागला की मराठीत बहुधा आकार वाढतो: महामार्ग, महामंडळ, महानगर. १९६६ साली लंडनमध्ये जमलेल्या 'क्रीम'मध्ये एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर असे तीनच जण होते. तिघेही आधीच्या बँडमध्ये नाव कमावून आलेले, म्हणून तो सुपरग्रुप. तिघांचा कसला महासमूह?

अल्बमसाठी मात्र आपल्या रंगभूमीने शब्द कधीच देऊन ठेवला आहे: 'संयुक्त'. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व 'गंधर्व नाटक मंडळी'चे, केशवराव भोसले 'ललितकलादर्श'चे. दोन्ही कंपन्यांत चुरस, दोन्हीकडचे चाहते हट्टी. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर एकत्र आले. नाटक जुनंच, खाडिलकरांचं. नवा होता तो संच, आणि 'संयुक्त' या एका विशेषणाने ते सगळं सांगितलं. कंपन्या आपापल्या जागी स्वतंत्र, माणसं एका कामापुरती एकत्र. रॉकवाल्यांच्या अशा अल्बममध्येही हेच घडतं, म्हणून 'संयुक्त अल्बम' बिनधास्त लिहावं. 'एकत्रित अल्बम' टाळावं. त्याने वेगवेगळ्या बँडची जुनी गाणी गोळा केलेल्या संकलनाचा भास होतो.

गटाला मात्र सुपरग्रुपच राहू द्या, फक्त जोडून लिहा. तोडलं की त्यातला 'सुपर' हा 'एकदम सुपर!'मधला होतो आणि संज्ञेची नुसती शाबासकी उरते.

आता प्रश्नातल्या 'प्रसिद्ध' या शब्दाकडे. 'टेम्पल ऑफ द डॉग'ला तो नीट बसत नाही. 'मदर लव्ह बोन' या बँडचा गायक अँड्र्यू वुड मार्च १९९० मध्ये सिअ‍ॅटलमध्ये वारला. त्याच्याबरोबर एकाच घरात राहिलेल्या, 'साउंडगार्डन'च्या ख्रिस कॉर्नेलने त्याच्या आठवणीत गाणी लिहिली. वुडचे साथीदार स्टोन गॉसार्ड आणि जेफ अमेंट सोबत आले, ड्रमवर 'साउंडगार्डन'चाच मॅट कॅमरन, शिवाय माइक मॅक्रेडी आणि नवखा एडी वेडर. अल्बम निघाला एप्रिल १९९१ मध्ये. गॉसार्ड, अमेंट, मॅक्रेडी आणि वेडर यांच्या 'पर्ल जॅम'चा पहिला अल्बम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला, म्हणजे नंतर. पुढे 'पर्ल जॅम' आणि 'साउंडगार्डन' दोन्ही गाजले, तेव्हा १९९२ मध्ये रेकॉर्ड कंपनीने हाच अल्बम पुन्हा पुढे केला आणि तो अमेरिकेत दहा लाखांवर खपला. सुपरग्रुपपण इथे मागाहून चिकटलं आहे.

'ट्रॅव्हलिंग विल्बरीज'चं नेमकं उलट. १९८८ साली जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन एकत्र आले. पाचही जण आधीपासून गाजलेले, पण अल्बमवर सगळ्यांनी 'विल्बरी' हे एकच आडनाव लावलं. (एकत्र कुटुंबच म्हणा ना!) त्यांच्याविषयी 'नामवंतांचा संयुक्त अल्बम' हे अगदी चपखल बसतं. 'टेम्पल ऑफ द डॉग'बद्दल मी असं लिहीन: 'पुढे जगभर गाजलेल्या दोन बँडमधल्या संगीतकारांनी मित्राच्या स्मरणार्थ काढलेला संयुक्त अल्बम.' यातलं 'पुढे' गाळू नका.