आदिमानव गुहेतून बाहेर पडल्यावर घरं कशी बांधत होता?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही एक वाक्य जोडलंय, "कुडामातीच्या झोपडीला असं काय मोठं डोकं लागतं?" मी त्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. डोकं लागतं, आणि भरपूर लागतं.

मी मुळशीच्या डोंगराकडचा. आमचं घर कुडाचं होतं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना मागची भिंत नव्यानं घातली, तेव्हा आबांच्या हाताखाली होतो. कारवी, म्हणजे डोंगरातल्या झुडपाच्या सरळ काठ्या, पावसाळा सरल्यावर तोडायची, तीही जून बघून. मेढीचं, म्हणजे खांबाचं, बूड जाळावर धरून काळं करायचं, म्हणजे वाळवी लवकर धरत नाही. खळग्यात मेढ उभी केली की भोवती दगडाच्या चिपा ठोकायच्या. कारव्या उभ्या लावून बांबूच्या कांब्यांनी आवळायच्या. मग माती, शेण आणि भाताचं तूस एकत्र तुडवायचं. तूस कमी पडलं तर वाळताना भिंत तडकते, जास्त झालं तर लिंपण धरत नाही. आबा गोळा मुठीत दाबायचे, बोटांतून चिखल कसा निघतो ते बघायचे आणि म्हणायचे, "आजून तुडव." दुपारभर मी एवढंच ऐकलं.

२००९ साली दादानं ते घर पाडलं. आबा तेव्हा नव्हते. "दगडविटांचं नाही ते घरच नव्हे. माणूस पुढं जातो, तू मागं ओढतोस," असं तो मला चारचौघांत म्हणाला. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

नवं घर रस्त्याच्या कडेला झालं, जुनी जागा तशीच पडून राहिली. पुढच्या मे महिन्यात मी तिथे गेलो. मेढी होत्या तिथे भुसभुशीत काळ्या मातीचे गोल डाग. पावसानं कड कापली होती तिथे सारवणाचे थर, वहीच्या पानांसारखे एकावर एक. चुलीची जागा विटेसारखी लाल. चुलीमागच्या कुडाचं एक ढेकूळ भाजून कडक झालेलं सापडलं. त्याच्या एका अंगाला कारवीच्या तीन पन्हळी आहेत, दुसऱ्या अंगाला आईच्या बोटांचे फराटे. ते अजून माझ्या टेबलावर आहे.

मग इनामगावबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं आणि शंभरावर घरं उजेडात आणली. तीन हजार वर्षांत लाकूड, गवत उरत नाही. उरतात ते खांबांचे खळगे, चोपलेली जमीन, चुली. मी जे आमच्या जागेवर पाहिलं तेच. इ. स. पू. १४०० नंतरची तिथली घरं चौकोनी आहेत, साधारण ५ मीटर बाय ३ मीटर, ओळीनं, मधून वाट सोडलेली. मातीची बुटकी भिंत, तिच्यावर कूड, वर गवताचं छप्पर. घरात धान्याचं पेव, रांजण टेकवायला चार चपटे दगड. दगावलेलं मूल दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरलेलं. अशा घराला नुसती झोपडी म्हणवत नाही मला.

आणि "माणूस पुढं जातो" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं: इ. स. पू. १००० नंतर त्याच गावात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटलं, शेती खालावली, लोक गरीब झाले, असं कारण तिथल्या उत्खननातले पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडलं. अक्कल तीच होती, पेवातलं धान्य कमी झालं होतं.

बाकी ठिकाणी ज्याच्या हाताशी जे होतं ते त्यानं वापरलं. युक्रेनमध्ये मेझिरिचला सुमारे १५,००० वर्षांपूर्वी मॅमथच्या हाडांची घरं रचली, खालचे जबडे एकात एक बसवून. काश्मीरात बुर्झाहोमला जमिनीत खड्डे खणले, तोंड अरुंद, तळ रुंद, आतून मातीनं लिंपलेले. खड्ड्याच्या तोंडाभोवती छपराच्या खांबांचे खळगे आहेत. गुहा सगळ्यांच्या वाट्याला कुठल्या?

इनामगावचे लोक शेतकरी होते, तांबं वापरणारे होते, त्यामुळे त्यांना काटेकोर अर्थानं आदिमानव म्हणता येणार नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. त्यांच्या छपरांचा आकार हाही तज्ज्ञांनी बांधलेला अंदाज आहे. शिवाय कुडाचं घर म्हणजे दरवर्षी शाकारणी, दर आठ दिवसांनी सारवण, आणि ते सगळं आईच्या कमरेवर. पक्क्या घरात ती सुखात आहे. दादानं घर बांधलं यात चूक नव्हती. पाडायच्या आधी मी एक दिवस मागितला होता, तो त्यानं द्यायला हवा होता.

तुमच्या गावात असं घर उभं असेल तर टेप घेऊन जा. मेढींमधलं अंतर, कुडाची जाडी, छपराच्या पाखांचा उतार लिहून घ्या, आणि ज्यानं भिंत घातली त्याला मातीत तूस किती ते विचारा. खळग्यांवरून मी आमच्या घराची लांबीरुंदी काढली, २४ फूट बाय १३ फूट. आढं, म्हणजे छपराचं मधलं सगळ्यात वरचं लाकूड, किती उंच होतं ते मात्र खळगे सांगत नाहीत. दादा म्हणतो दहा फूट, मला बारा आठवतं.