दीडपट पगार आणि लोकलचे तास

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही ऑफर लेटर वाचली. लोअर परळला पगार दीडपट, पण बदलापूरहून रोज लोकल. अंबरनाथ एमआयडीसीतली नोकरी घराजवळ, पगार बेताचा. पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, ‘पैशानं सुख मिळत नाही, हे खरं का?’

असं सरसकट सांगणाऱ्याचं ऐकू नकोस. २०१० साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी अमेरिकेत दाखवलं की वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरनंतर रोजचा आनंद वाढायचा थांबतो. हा आकडा जगभर फिरला. मात्र आपल्या एकूण आयुष्याला लोक देत असलेले गुण त्यापुढेही वाढतच होते, हे त्याच लेखात होतं आणि ते कुणी फारसं सांगितलं नाही. पुढे २०२३ साली कानमन यांनीच मॅथ्यू किलिंग्जवर्थ या दुसऱ्या अभ्यासकासोबत हिशेब पुन्हा मांडला. बहुतेकांचा रोजचा आनंदही उत्पन्नाबरोबर वाढत राहतो असं निघालं. जे सर्वांत दुःखी होते, त्यांच्यापुरतीच ती वाढ एक लाख डॉलरच्या आसपास थांबत होती. म्हणजे पगाराची हाव धरलीस म्हणून मनाला लावून घ्यायचं कारण नाही. एक मात्र ध्यानात ठेव: वीस हजारांचे चाळीस झाले की जेवढा फरक पडतो, तेवढाच पुन्हा पडायला चाळीसचे ऐंशी व्हावे लागतात.

आता प्रवासाचं बघू, कारण तुझा खरा प्रश्न तिथेच आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकी हिशेबानं लांबून येणाऱ्याला त्याचा मोबदला मिळालेला असतो, जास्त पगारात किंवा स्वस्त, मोठ्या घरात. मग त्याचं समाधान जवळ राहणाऱ्याइतकंच असायला हवं. अलोइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी हे जर्मनीत तपासलं. तिथे त्याच त्या कुटुंबांना दरवर्षी आयुष्याबद्दलचं समाधान विचारतात. प्रवास जितका लांब, तितकं समाधान कमी निघालं. मोबदला पुरत नव्हता. मला याचं कारण असं वाटतं की वाढलेला पगार वर्षभरात अंगवळणी पडतो, प्रवास पडत नाही. आज गाडी उशिरा, उद्या मेगाब्लॉक, परवा दारात लटकणं. नोकरी घेताना पगाराचा आकडा समोर असतो, हे दिवस नसतात.

टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांनी दिवसातलं एकेक काम करताना कसं वाटलं याची नोंद केली होती, त्यातही आनंदाच्या बाबतीत सकाळी कामावर जाणं अगदी तळाशी होतं. तिथला प्रवास मुख्यतः मोटारीचा. आपल्या लोकलमध्ये ग्रुप असतात, भजनी मंडळं असतात, अडीअडचणीला धावून येणारी माणसं असतात, आणि हे सुख मी कमी लेखत नाही. पण बदलापूरहून चढायलाच मिळालं नाही, तर त्या ग्रुपचा उपयोग काय?

म्हणून दीडपट आकड्यातून आधी पास, बाहेरचं जेवण, रिक्षा वजा कर. उरलेल्या रकमेला ऑफिसचे आणि प्रवासाचे मिळून तास धरून भाग. अंबरनाथचंही तसंच कर. परळवाल्यांना आठवड्यात किती दिवस घरून काम चालेल, हे विचार आणि लेखी घे.

अंबरनाथच्या कंपनीबद्दल मात्र नीट चौकशी कर. पगार वेळेवर होतात का, माणसं किती वर्षं टिकतात? जर्मनीतल्या त्याच पाहणीवरून २००४ साली दिसलं की नोकरी गेलेल्यांचं समाधान पुन्हा नोकरी लागल्यावरही सरासरीनं पूर्ववत होत नाही. घराजवळची पण डळमळीत नोकरी मी तुला घेऊ देणार नाही.

घरात कर्ज नसेल आणि कंपनी भक्कम असेल, तर माझं मत अंबरनाथला. कर्ज असेल, तर ते फिटेपर्यंत परळ, पण शक्य झालं तर मित्रांसोबत परळच्या अलीकडे कुठेतरी खोली घे, लहान असली तरी चालेल. बाबांच्या कर्जाचे किती हप्ते राहिलेत, ते आईला विचारून कळव. त्यावरच ठरवू.

तुझे सर