वाचकांचे प्रश्न : रंगीत धाव, नातवाचा दमा आणि देणगीचा हिशेब

प्रश्न : सोलापुरात या हिवाळ्यात एका संस्थेच्या मदतीसाठी पाच किलोमीटरची रंगीत धाव होणार आहे. सून आणि दहा वर्षांचा नातू यांच्यासोबत मीही नाव नोंदवावे, असा घरच्यांचा आग्रह आहे. माझे वय ५४ असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. नातवाला अधूनमधून दम्याचा त्रास होतो. शिवाय आम्ही भरलेले शुल्क खरोखर गरजूंपर्यंत पोहोचते का?
– एक वाचक भगिनी, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : आपण अवश्य सहभागी व्हावे, असे मला मनापासून वाटते. अशा धावेत सहसा वेळ मोजली जात नाही, क्रमांक काढले जात नाहीत आणि अनेक जण सारे अंतर चालतच पार करतात. पांढरा टी-शर्ट घालून निघायचे आणि दर किलोमीटरला एकेका रंगाची भुकटी अंगावर घ्यायची, ही पद्धत अमेरिकेत २०१२ साली सुरू झालेल्या ‘द कलर रन’ने जगभर नेली. रंगपंचमीला रंगगाडे काढणाऱ्या आपल्या शहराला त्यात परके वाटावे असे काहीच नाही.

पाच किलोमीटर म्हणजे साध्या चालीने तासाभराचे अंतर. डॉक्टरांचा होकार घेऊन आधीचे पाच-सहा आठवडे रोज अर्धा तास चालावे आणि जमेल तेव्हा मध्येच मिनिटभर संथ धावावे. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर वेग कमी करावा. त्या दिवशी गोळी चुकवू नये. छातीत दडपण आले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबून मदत मागावी.

नातवाविषयी मात्र मी अधिक सावध आहे. ही भुकटी बहुधा मक्याच्या स्टार्चमध्ये खाद्यरंग मिसळून केलेली असते. तथापि ती कितीही निर्धोक असली, तरी तिचे बारीक कण श्वासावाटे गेल्यास दमा उसळू शकतो. त्याचा त्रास सध्या आटोक्यात नसेल, तर त्याला रंगाच्या टप्प्यांवर नेऊच नये; पाणी वाटणाऱ्या स्वयंसेवकांत त्याला रंगाच्या टप्प्यांपासून दूर, मानाने उभे करावे. डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी इन्हेलर खिशात आणि मास्क तोंडावर हवाच. आपण स्वतः केसांना खोबरेल तेल लावावे, कॉन्टॅक्ट लेन्स टाळाव्यात आणि घरी आल्यावर भुकटी आधी कोरडीच झटकून मग पाणी घ्यावे.

पैशांचा प्रश्न आपण विचारलात, हे मला विशेष आवडले, कारण बहुतेक जण तो संकोचाने गिळतात. ‘द कलर रन’सुद्धा नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे आणि ती धर्मादाय संस्थांना सोबत घेते, यात गैर काही नाही, पण शुल्क म्हणजेच देणगी, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. टी-शर्ट, पदक, मंडप, ध्वनिवर्धक आणि रुग्णवाहिका यांचा खर्च बहुधा शुल्कातूनच भागवला जातो. म्हणून संपूर्ण शुल्क संस्थेला जाते की खर्च वजा जाता उरलेले, आणि कार्यक्रमानंतर हिशेब जाहीर होणार का, हे आयोजकांना नाव नोंदवण्यापूर्वीच विचारावे. संस्थेचा नोंदणी क्रमांक मागावा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे त्याची खातरजमा करावी. उत्तर देताना जे चाचरतात, त्यांच्याकडे नाव नोंदवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मनात जास्त द्यायचे असेल, तर ती रक्कम थेट संस्थेच्या खात्यात भरून पावती घ्यावी.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाची धाव संपल्यावर संध्याकाळी मंचावरून पंख्यांनी रंग उधळण्याचा विचार आहे. त्यात काही धोका आहे का?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : धोका आहे, आणि तो जीवघेणा आहे. तैवानमधील न्यू तैपेई येथे २७ जून २०१५ रोजी एका जलउद्यानातील रिकाम्या तलावात रंगीत स्टार्चच्या उधळलेल्या भुकटीने पेट घेतला. त्यात १५ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे पाचशे जण जखमी झाले. कोरडी स्टार्च हवेत दाट पसरली, की एखादी ठिणगी किंवा तापलेला दिवा पुरेसा होतो. त्यामुळे पंखे, तापणारे दिवे आणि फटाके पूर्णपणे वगळावेत, आवारात कोणालाही धूम्रपान करू देऊ नये, आणि रंग सकाळीच, मोकळ्या रस्त्यावर, हाताने थोडा थोडा टाकावा. पोलिसांची व महापालिकेची परवानगी घेताना रस्ता झाडून देण्याचा खर्चही अंदाजपत्रकात आधीच धरावा.